थांब तीन सेकंद

साखळीच्या पतसंस्थेत, शनिवारी दुपारी,
शटर अर्धं ओढून बसलोय.
बाहेर बाजार आवरतोय, कुणी उरलेली तवशीं
निम्म्या दराने पुकारतोय.
आत मी, एक जुना संगणक,
आणि सुरंगा माजिक, कॅशियर,
बावीस वर्षं याच खुर्चीत.
चावी त्यांच्याकडे, म्हणून थांबल्यात.

काळ्या खिडकीत एक ओळ लिहितो : बसव.
उत्तर येतं, परवानगी नाही.
मालकाच्या नावाने लिहितो.
उत्तर येतं, परवानगी आहे,
पण खालचा थर जुना, आधी तो काढ.
कुळागरातल्या पाटासारखंच हे,
वरचं पाणी सोडायचं
तर आधी खालच्याची समजूत घालायची.

जुनं काढलं. नवं उतरू लागलं.
सदतीस टक्क्यांवर वीज गेली.
"येतली आतां," सुरंगाबाय म्हणाल्या,
आणि आली,
फक्त सदतीस टक्के परत आले नाहीत.

"हें कितें करतलें?"
मी सांगितलं : तुम्ही दिवसभर करता तेच.
पान उघडेल, खातेक्रमांक भरेल, बटण दाबेल,
संगणक चुकला तर बोंब मारेल.
त्या जरा वेळ गप्प.
मग विचारलं, "पगार कितलो?"

मी हसलो.
हसायला नको होतं.

यादी मागितली : काय काय बसलंय ते दाखव.
नावांची रांग आली, सगळ्यात खाली आपलं पाहुणं,
आवृत्तीच्या आकड्यासकट.
चालव.

माऊसचा बाण आपोआप सरकला.
सुरंगाबायनी पदर आवरून खुर्ची मागे घेतली,
देवळाच्या चौकात भार आलेल्याला
माणसं वाट करून देतात तशी.
खातं उघडलं. नाव भरलं. रक्कम भरली.
'जमा'.
लाल अक्षरं : बटण सापडलं नाही.

पुन्हा चालव. लाल.
सविस्तर सांग, म्हटलं, तर चारशे ओळी
आणि चारशेंत एकही कामाची नाही.
आत डोकावलो : बटणाचं नाव नुसतं 'बटण१४',
ठेवणारा कधीचाच दुबईला.
पुन्हा. लाल.

"तूं धांवता रे," सुरंगाबाय म्हणाल्या.

रक्कम घातली की त्या ड्रॉवर लावतात.
मग पेनाला टोपण.
मग समोरच्याला विचारतात, आवय बरी आसा?
तोवर ते बटण जागं होतं.
हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नव्हतं.

करून दाखवा म्हटलं, मी घड्याळ धरलं.
ड्रॉवर, टोपण, आवय.
तीन सेकंद.
(आवय बरी नसली तर किती, हे विचारलं नाही.
रांग किती लांबत असेल ते दिसलंच.)

लिहिलं : थांब तीन सेकंद.
त्याच्यापुढे, यंत्र वाचत नाही अशा खुणेमागे,
आवय बरी आसा?
चालव.

हिरवं.
मग सगळंच हिरवं, ओळीमागून ओळ,
पावसाळ्यात डोंगर उघडाबोडका राहूच नये तसं.

आता हे रोज रात्री दोन वाजता स्वतःच उठेल,
सगळी बटणं दाबेल, निकाल फाईलीत टाकून झोपेल.
नवी आवृत्ती आली तर एक ओळ.
नकोसं झालं तर तीही एकच ओळ.

"काडपाची ओळ खंयची?"

लिहून दाखवली, एन्टरपासून बोट लांब ठेवून.
त्यांनी चष्मा लावला,
पैसे भरायच्या चिठ्ठीच्या मागे
एकेक अक्षर उतरवून घेतलं,
मधली मोकळी जागासुद्धा, बोटाने मोजून.
अर्थ विचारला नाही.
घडी घालून पर्समध्ये, चाव्यांच्या कप्प्यात.

मग ड्रॉवर लावला. पेनाला टोपण.
माझ्याकडे बघितलं.

"बरी आसा," मी म्हटलं.
शटर दोघांनी मिळून खाली ओढलं.